तळटीप वाचणारी माणसं

५ जुलै २०२१. सर्वोच्च न्यायालयात न्या. रोहिंटन नरिमन, न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. भूषण गवई यांच्यापुढे एक अर्ज सुनावणीला आला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ याच न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं होतं. तो निकाल न्या. नरिमन यांनीच लिहिला होता. आता सव्वासहा वर्षं उलटली, तरी देशभरातली पोलीस ठाणी त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत आहेत, असं अर्जदारांचं म्हणणं होतं. खंडपीठाला धक्का बसला आणि तो त्यांनी बोलूनही दाखवला. त्यावर अॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला विसरता येत नाही. कायद्याच्या पुस्तकात ६६अ अजून छापलेलं असतं, ते रद्द झाल्याची नोंद खाली तळटीपेत असते. गुन्हा नोंदवणारा अधिकारी कलम वाचतो, तळटीप वाचत नाही.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकाला दिलेलं संरक्षण पानाच्या तळाशी बारीक टायपात अडकून पडलं होतं. ते तिथून उचलून ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवायचं कुणी? सरकारी यंत्रणेतल्या कुणाचंही ते नेमून दिलेलं काम नव्हतं. ज्यांनी ते केलं ते काही वकील, काही प्रोग्रॅमर, काही पत्रकार आणि मानवी हक्कांच्या जुन्या चळवळीतले कार्यकर्ते होते. इंटरनेटवरचे नागरिकांचे हक्क जपणारा एक गोतावळा आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांत तयार झाला आहे. त्याची गोष्ट बरीचशी महाराष्ट्रात घडली आहे, आणि तरी मराठीत ती फारशी सांगितली गेलेली नाही.

*

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. १८ नोव्हेंबर २०१२ला, रविवारी, बाळासाहेब ठाकरे यांच्यावर शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. मुंबई आणि आसपासची गावं बंद होती. माणसं रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला, अशा आशयाचा मजकूर पालघरमधल्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो लाइक केला. मजकूर काढून टाकला, माफी मागितली, तरी जमाव जमला आणि तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. मोडतोड करणाऱ्यांच्या आधी पोलिसांनी या दोन मुलींना ठाण्यात आणलं. कलम ६६अ आणि भारतीय दंड संहितेचं ५०५(२) लावून त्यांना अटक झाली. १५ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. देशभर गहजब झाला, तेव्हा ग्रामीण पोलीस अधीक्षक आणि ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले आणि पुढे गुन्हा मागे पडला.

एक मुलगी लिहिते, दुसरी नुसतं बोट टेकवते आणि दोघी पोलीस कोठडीच्या दारात उभ्या राहतात. हे ज्या कलमामुळे शक्य झालं, ते २००८च्या डिसेंबरमध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरात, लोकसभेत गोंधळ चालू असताना चर्चेविना मंजूर झालेल्या दुरुस्तीतून आलं होतं. मजकूर ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असेल, त्यातून कुणाला त्रास किंवा गैरसोय होत असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कुणाला, किती, हे ठरवणार ठाण्यातला अधिकारी. त्याच २०१२ साली कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल पकडले गेले. मुंबईत एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांनी फेसबुकवरच्या मजकुरापायी १२ दिवस कोठडीत काढले. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर तर राजद्रोहाचंही कलम लागलं. पुदुच्चेरीतल्या एका व्यावसायिकाला एका ट्वीटवरून अटक झाली.

यातली राज्य सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती. कलम आणलं काँग्रेसप्रणीत सरकारने, न्यायालयात त्याचा बचाव केला भाजपप्रणीत सरकारने. त्याचा गैरवापर होऊ देणार नाही, असं आश्वासन न्यायालयाला देण्यात आलं. सरकारं येतात आणि जातात, कलम मात्र राहतं, तेव्हा अशा आश्वासनावर विसंबता येणार नाही, असं न्यायालयाने निकालात स्पष्ट केलं. दहा वर्षांनी, २०२२मध्ये, महाराष्ट्रात महाविकास आघाडीचं सरकार असताना अभिनेत्री केतकी चितळे आणि फार्मसीचा एक विद्यार्थी हे दोघेही समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठी महिन्याहून अधिक काळ तुरुंगात होते. कलमं वेगळी होती, खाक्या तोच. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाला उचललं की बरं वाटतं, हे सगळ्या पक्षांच्या अनुयायांना लागू आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्यांची खरी कसोटी तिथेच लागते. केतकी चितळे यांनी पुढे पाठवलेला मजकूर मला वाचवला नाही. पण त्यासाठी कुणाला चाळीस दिवस डांबून ठेवणं मी मान्य करू शकत नाही.

पालघरच्या बातमीनंतर काही दिवसांत श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्याही तेव्हा एकवीस वर्षांच्याच होत्या. खटला त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्या एकट्या नव्हत्या. ‘कॉमन कॉज’ होती. १९७६ साली जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’, म्हणजे पीयूसीएल होती. ‘माउथशट’ ही ग्राहकांचे बरेवाईट अनुभव छापणारी मुंबईची कंपनी होती. अमुक तक्रार काढून टाका, तमुक अभिप्राय पुसून टाका, अशा नोटिसांनी ती बेजार झाली होती. त्याआधी बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने एक साधा प्रयोग करून ठेवला होता. सात संकेतस्थळांना मुद्दाम सदोष, न टिकणाऱ्या नोटिसा धाडल्या, तर सातपैकी सहा जणांनी मागितलं त्याहून जास्त मजकूर काढून टाकला. कायद्याची भीती माणसांना कशी आधीच गप्प करते, याचा तो पुरावा होता. याचिका लिहिणारा, प्रयोग करणारा, नोटिसा जपून ठेवणारा आणि बातमी देणारा, असे चौघं एकमेकांना ओळखत असले, की खटला उभा राहतो.

निकालात न्यायालयाने एखाद्या मताची चर्चा, त्याचा पुरस्कार आणि त्यासाठी चिथावणी यांत भेद केला. पहिल्या दोन्हींना राज्यघटनेचं संरक्षण आहे, चिथावणीपाशी राज्याचा हात सुरू होतो. याच निकालाने मजकूर ब्लॉक करण्याचं कलम ६९अ मात्र कायम ठेवलं. त्याखालचे आदेश गोपनीय राहतात आणि आपला मजकूर का दिसेनासा झाला, हे अनेकदा लिहिणाऱ्यालाच कळत नाही. मला तो निकालाचा उणा भाग वाटतो.

*

निकालाचा जल्लोष झाला, पेढे वाटले गेले म्हणा, आणि सगळे आपापल्या कामाला लागले. २०१८मध्ये अभिनव सेखरी आणि अपार गुप्ता या दोन वकिलांनी एक शोधनिबंध लिहिला. मेलेलं कलम ठाण्यांत आणि खालच्या न्यायालयांत हिंडतं आहे, असं त्यांनी उदाहरणांनिशी दाखवून दिलं. पीयूसीएल पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१९मध्ये आदेश झाला, की निकालाच्या प्रती सगळ्या उच्च न्यायालयांना आणि मुख्य सचिवांना पाठवा, मुख्य सचिवांनी त्या पोलिसांपर्यंत पोहोचवाव्यात. प्रती निघाल्या. त्या कुठवर पोहोचल्या, हे मोजायची सोय कुणी केली नव्हती.

मोजणं हे या सगळ्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम. ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ कुणालाही उघडता येतं. तिथे ‘केस स्टेटस’मध्ये जाऊन कायद्यानुसार शोध घेता येतो. राज्य निवडायचं, जिल्हा निवडायचा, मग न्यायालयाची इमारत, मग कायद्यांच्या लांबलचक यादीतून माहिती तंत्रज्ञान कायदा, मग कलम. प्रलंबित की निकाली, ते निवडायचं. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून चौकटीत भरायची. तेव्हा कुठे एका न्यायालयाची यादी हाती येते. मग दुसरी इमारत, मग पुढचा तालुका. त्यातही एकाच कायद्याचं नाव वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगवेगळं लिहिलेलं, कलम कुठे ‘६६अ’, कुठे ‘६६(अ)’. मी हे एका जिल्ह्यासाठी करून पाहिलं आणि दोन तालुक्यांत डोळे शिणले. ‘इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन’ आणि ‘सिव्हिकडेटालॅब’ यांनी हेच काम संगणकाच्या मदतीने ११ राज्यांसाठी केलं आणि आकडे सगळ्यांपुढे खुले ठेवले. १० मार्च २०२१ला या राज्यांच्या जिल्हा न्यायालयांत ६६अ खालचे ७४५ खटले प्रलंबित होते. कलम रद्द झाल्यानंतर नोंदवले गेलेले गुन्हे होते १,३०७. झारखंडमध्ये २९१, उत्तर प्रदेशात २४५, राजस्थानात १९२.

आणि सगळ्यात वर महाराष्ट्र. ३८१.

ज्या राज्यातल्या पालघरने या खटल्याला तोंड फोडलं, त्याच राज्यात रद्द झालेलं कलम सर्वाधिक वेळा वापरलं गेलं. हा आकडा विधिमंडळात गाजायला हवा होता. मराठी वर्तमानपत्रांत त्यावर अग्रलेख यायला हवे होते. त्या प्रत्येक गुन्ह्यामागे एक माणूस आहे. तारखेला जाण्यासाठी मजुरी बुडवणारा, चारित्र्य पडताळणीत अडकणारा, वकिलाची फी भागवण्यासाठी उसनवारी करणारा. त्याच्या वकिलालाही तळटीप ठाऊक नसेल, तर तो अस्तित्वात नसलेल्या गुन्ह्याचा बचाव करत बसतो.

हेच आकडे ५ जुलैच्या सुनावणीत न्यायालयापुढे होते. १४ जुलैला केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना पत्र लिहिलं, की या कलमाखाली गुन्हे नोंदवू नका, नोंदवलेले मागे घ्या. १२ ऑक्टोबर २०२२ला सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने अखेर निःसंदिग्ध आदेश दिला, की ६६अ खाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. पालघरपासून मोजलं तर दहा वर्षं. या दहा वर्षांतली शेवटची साडेसात वर्षं जिंकलेला खटला लोकांपर्यंत नेण्यात गेली.

*

हा गोतावळा जमला कसा, याचं एक ठळक वळण २०१५च्या एप्रिलमधलं आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २७ मार्चला ११८ पानांची एक सल्लामसलत पत्रिका लोकांपुढे ठेवली. व्हॉट्सअॅप, स्काइपसारख्या सेवांवर परवाना लावावा का, काही संकेतस्थळं फुकट आणि काही पैसे देऊन, असं मोबाइल कंपन्यांना करू द्यावं का, असे २० प्रश्न होते. इंग्रजी इतकं किचकट, की वाचणाऱ्याने पाचव्या पानावर हात टेकावेत. ‘मीडियानामा’चे निखिल पाहवा, बंगळुरूचे किरण जोन्नलगड्डा, वकील अपार गुप्ता आणि त्यांच्या सोबतच्यांनी त्या पानांचा सोपा सारांश केला, प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार केलं आणि ते मेलमधून पाठवण्याची सोय केली. ‘एआयबी’ या मुंबईच्या विनोदी कलाकारांच्या चमूने ११ एप्रिलला त्यावर व्हिडिओ काढला. दहा लाखांहून जास्त मेल ट्रायकडे गेले. ट्रायने नंतर ते मेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जाहीर करून टाकले, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. हक्कांसाठी पुढे आलेल्या लाखो लोकांच्या खासगीपणाचा सरकारी दप्तरातला भाव त्यातून दिसला.

त्याच वर्षाच्या शेवटी फेसबुक आपली ‘फ्री बेसिक्स’ योजना घेऊन उतरलं. गरिबांना इंटरनेट फुकट, पण फेसबुकने मान्य केलेल्या संकेतस्थळांपुरतं. पानभर जाहिराती आल्या. फेसबुक उघडलं की समोर बटण, ते दाबलं की तुमच्या नावाने ट्रायला मेल. असे लाखो मेल गेले. ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच त्यांत नाहीत, असं नियामकाने फेसबुकला सुनावलं. ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी घातली.

दोन्हीकडे लाखोंचे आकडे होते. एकीकडे लोकांना प्रश्न समजावून सांगितला गेला होता, उत्तरात फेरफार करायची मुभा होती आणि मागे राहून पुढचं वाचत बसायला काही माणसं तयार होती. दुसरीकडे बटण होतं. पहिल्या गटातली माणसं पांगली नाहीत, त्यांतूनच २०१६मध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन उभी राहिली. गर्दी जमवणं आता कुणालाही परवडतं, निवडणुकीच्या काळात तर ते भाड्याने मिळतं. पहिल्या विजयानंतरही टिकून राहणारी माणसं मात्र विकत मिळत नाहीत.

*

आता दुसरी बाजू. ती टाळून हा विषय लिहिणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. ती मंगळवेढ्याकडची, घरापासून शेकडो मैल दूर. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या भागात मोबाइलवरून फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारलं.

त्या उन्हाळ्यात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून पळतात. मूळ फीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी बनवलेली. तिच्यात ते दोघं लगेच परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि फलक दाखवतात, की मूल पळवायला एवढाच वेळ लागतो. भारतात फिरलेल्या फितीतून फलकाचा तेवढा तुकडा कापला होता. आपल्या मुलांच्या काळजीपोटीच लोक ती पुढे पाठवत होते, म्हणून ती इतकी धावली.

राईनपाड्याच्या बाबतीत सगळा दोष मोबाइलवर टाकणं सोपं आहे आणि मला ते पटत नाही. भटक्या माणसाकडे संशयाने पाहायची सवय गावगाड्यात मोबाइलच्या फार आधीपासून आहे. मोबाइलने तिला वेग दिला. आणि ज्यांच्याबद्दल सारं बोललं जात होतं, ते त्या संभाषणात कुठेच नव्हते. आम्ही डवरी गोसावी आहोत, पिढ्यान् पिढ्या भिक्षेला येतो, हे सांगणारा कुणी त्या गटांत असता, तर? इंटरनेटवरचा हक्क म्हणजे बोलू देणं, एवढंच आपण सहसा धरतो. आपल्याबद्दल पसरलेल्या खोट्याला उत्तर द्यायला जागा असणं, हाही हक्कच आहे.

या घटनेनंतर व्हॉट्सअॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलैला झुंडबळींबद्दल प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधिकारी नेमण्यापासून सविस्तर निर्देश दिले. सरकारने मात्र याच घटनांच्या आधारे संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याची मागणी लावून धरली आणि २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ती घातली. तसं करायचं तर प्रत्येकाच्या खासगी संभाषणाचं कुलूप सैल करावं लागतं. अफवेने बळी गेलेल्यांच्या नावाने सगळ्यांवर पाळत ठेवायची तयारी, अशी ही गुंतागुंत आहे. इथे हक्कांची बाजू घेणाऱ्याला अफवांचा पाठीराखा ठरवणं फार सोपं होतं. म्हणूनच मुंबईचं ‘बूम’, ‘फॅक्ट क्रेसेंडो मराठी’ अशी सत्य पडताळणारी मंडळी आणि खासगीपणासाठी लढणारे वकील एकमेकांच्या संपर्कात असणं गरजेचं आहे. एकाच्या हाती अफवेचं उत्तर आहे, दुसऱ्याच्या हाती सरकारच्या मागणीचं.

सत्य कोणतं, ते सरकारनेच ठरवलं तर? ६ एप्रिल २०२३ला तसा नियम आला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारचाच एक कक्ष ठरवणार, आणि तो मजकूर ठेवणाऱ्या कंपन्यांचं कायदेशीर संरक्षण जाणार. मुंबई उच्च न्यायालयात त्याला विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड, नियतकालिकांची संघटना अशांनी आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ला न्या. गौतम पटेल यांनी नियम घटनाबाह्य ठरवला, तर न्या. नीला गोखले यांनी तो वैध मानला. केंद्राने २० मार्चला कक्ष जाहीरही केला, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तिसरे न्यायाधीश म्हणून न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबरला पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि नियम गेला. २०२१च्या नियमांतला ऑनलाइन बातमीदारीवर बंधनं घालणारा भाग याच न्यायालयाने आधी थांबवला होता, आणि त्या वेळच्या याचिकाकर्त्यांत पत्रकार निखिल वागळे होते. मुंबई उच्च न्यायालयाचं हे काम मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावं, असं मला वाटतं.

इंटरनेट बंदीचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, इथे थोडक्यात. काश्मीर खोऱ्यात ऑगस्ट २०१९पासून फेब्रुवारी २०२१पर्यंत वेगवान मोबाइल इंटरनेट नव्हतं. ‘काश्मीर टाइम्स’च्या अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२०ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावती, जून २०२३मध्ये कोल्हापूर, त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड, असं महाराष्ट्रानेही हे अनुभवलं आहे. देशात अशा बंद्या किती झाल्या, याची नोंद केंद्र सरकार ठेवतच नाही, असं संसदीय समितीने डिसेंबर २०२१च्या अहवालात लिहिलं. ती नोंद दिल्लीची ‘सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर’ बातम्या गोळा करून ठेवते. पुन्हा तेच, मोजणारी माणसं सरकारच्या बाहेरची.

*

याचिका आणि निकाल यांच्या या जगात मुंबईच्या काही संस्थांचं काम वेगळं उठून दिसतं. ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ची ‘टेकसखी’ आणि ‘रती फाउंडेशन’ची ‘मेरी ट्रस्टलाइन’ या मदतवाहिन्या ऑनलाइन छळ झालेल्यांचा फोन घेतात. फोन करणारीला त्या क्षणी घटनेचं कलम नको असतं. तिचा फोटो कुणाच्या तरी हाती आहे, तो गावातल्या गटात टाकायची धमकी आली आहे आणि घरी सांगितलं तर मोबाइल काढून घेतील, कदाचित कॉलेजही बंद होईल, ही तिची भीती असते. ती भीती खरी आहे. आपल्याकडे छळाची तक्रार केली, की शिक्षा पुष्कळदा तक्रार करणारीलाच होते.

अशा वेळी उपयोगी पडणारं एक साधन इथे समजावून सांगतो, कारण फार थोड्यांना ते ठाऊक आहे. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची सोय २०२१च्या अखेरीस सुरू झाली. तिथे आपला खासगी फोटो आपल्याच मोबाइलमध्ये निवडायचा. मोबाइल त्या फोटोवरून आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ तयार करतो. त्या ओळीवरून फोटो पुन्हा बनवता येत नाही. फक्त ती ओळ पुढे जाते, फोटो मोबाइलमधून बाहेर पडत नाही. फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे तोच फोटो कुणी चढवला, तर ओळ जुळते आणि तो अडवता येतो. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, त्याहून लहानांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच वेगळी सोय आहे. पोलिसांकडे जायचं असेल तर १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी, आणि अशा छळासाठी सायबर गुन्ह्यांचं राष्ट्रीय पोर्टल. समोरच्याला पैसे द्यायचे नाहीत, आणि घाबरून संभाषण पुसायचं नाही, कारण तोच पुरावा असतो. एवढी माहिती वेळेवर कानावर पडली, तर मुली वाचतात. ती सांगणारी बाई वसतिगृहाची अधीक्षक असू शकते, आशाताई असू शकते, बचत गटाची अध्यक्ष असू शकते.

जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो चोरून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी दोन अॅप निघाली, तेव्हा पहिल्या खेपेला लगेच कुणी पकडलं गेलं नाही. दुसऱ्या खेपेला मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही दिवसांत अटका केल्या. मधल्या सहा महिन्यांत त्या स्त्रिया एकमेकींना शोधत होत्या, तक्रारी लिहीत होत्या, गप्प बसायला नकार देत होत्या. पोलिसांना श्रेय द्यायला हवं, आणि त्यांच्याआधी या स्त्रियांना.

*

या सगळ्या गोतावळ्यावर माझा एक आक्षेप आहे आणि तो आपुलकीचा आहे. तो इंग्रजीत बोलतो, आणि दिल्ली, मुंबई, बंगळुरूत राहतो. मोठ्या कंपन्यांचंही तेच. २०२१मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. हिंदी आणि बंगालीतला द्वेषपूर्ण मजकूर ओळखणारी यंत्रणा कंपनीकडे धड नव्हती, असं त्यांतून दिसलं. पन्नास कोटींच्या हिंदीची ही गत, तर मराठीतली जातिवाचक शिवी, तीही वऱ्हाडी वळणाची, कोण ओळखणार? १९२० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’ने छापली नव्हती. माध्यम दुसऱ्याच्या मालकीचं असलं, की आपल्या बोलण्याची वाट तो मालक अडवू शकतो, हे महाराष्ट्रातल्या दलित चळवळीला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. हक्कांच्या आजच्या चर्चेत हा अनुभव मध्यभागी असायला हवा. तो अजून कडेला आहे.

महाराष्ट्राकडे त्यासाठी लागणारी माणसं आहेत. माहितीच्या अधिकाराचे कार्यकर्ते तालुक्या-तालुक्यात आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शाखा आहेत, त्यांना अफवा तपासायची सवय आहे. भटक्या-विमुक्तांच्या संघटना आहेत. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. ही सगळी मंडळी एकमेकांना फारशी भेटत नाहीत, एवढंच.

भेटीला कारण हवं असेल, तर ३८१चा आकडा आहे. तो मार्च २०२१चा आणि न्यायालयांच्या नोंदींवरचा. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२२च्या आदेशानंतर आपल्या जिल्ह्यात त्यांतले किती गुन्हे मागे घेतले गेले? हे विचारायला महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, आणि हा बसतो. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे लिहायचा. २४ मार्च २०१५नंतर जिल्ह्यातल्या कोणकोणत्या ठाण्यांत कलम ६६अ खाली किती गुन्हे नोंदवले गेले, ठाणेनिहाय आणि वर्षनिहाय. १२ ऑक्टोबर २०२२च्या आदेशानंतर त्यांपैकी किती गुन्ह्यांतून हे कलम वगळलं, आणि किती अजून न्यायालयात आहेत. हा आदेश ठाण्यांना कळवणाऱ्या परिपत्रकाची प्रत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर त्याच कार्यालयात प्रथम अपील करायचं, आणि उत्तर आलं की त्याची एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्यायची, म्हणजे ज्यांचे खटले अजून चालू आहेत त्यांच्यापर्यंत वकील पोहोचू शकेल.